स्वभावाचा दाखला

रॉटवायलर जातीच्या कुत्र्याचं एक अधिकृत वर्णनपत्र आहे. कुत्र्यांच्या जातींचा हिशेब ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, त्याची कचेरी बेल्जियममध्ये. त्याच्या दप्तरात या वर्णनपत्राचा क्रमांक १४७. मी ते वाचायला घेतलं आणि मला एकदम आमच्याकडच्या वधूवर सूचक मंडळातल्या वह्या आठवल्या. उंची, वजन, वर्ण, बांधा, डोळे, दात, सगळं काही. नराची उंची खांद्यापाशी ६१ ते ६८ सेंटिमीटर, मादीची ५६ ते ६३. वजन नराचं साधारण ५० किलो, मादीचं ४२. वर्ण काळा कुळकुळीत. त्यावर गालांना, तोंडाला, गळ्याखाली, छातीवर, पायांना आणि दोन्ही डोळ्यांच्या वर तपकिरी डाग, तेही रेखीव. डोळे बदामाच्या आकाराचे आणि गडद. पिवळ्या डोळ्यांचं स्थळ बाद. दात ४२, आणि ते मोजून घेतात. दातांच्या बाबतीत आमच्या आत्याबाईसुद्धा इतक्या कडक नव्हत्या.

आणि या सगळ्या मापांच्या गर्दीत, 'मनमिळाऊ व गृहकृत्यदक्ष' असतं ना तसं, स्वभावाचंही एक कलम आहे. मूळचा शांत, प्रेमळ, मुलांची आवड असलेला, सांगितलेलं ऐकणारा, कामाची हौस असलेला. आता स्थळाच्या कागदावरचं 'मनमिळाऊ' आपण कोणीच मनावर घेत नाही. पण हा महासंघ ते मनावर घेतो. रॉटवायलर भित्रा निघाला, बुजरा निघाला, विनाकारण अंगावर जाणारा निघाला, तर तो वर्णनपत्रात बसत नाही. उंची, छाती, दात सगळं जमलं तरी बाद. माणसांत बघा, एखादा कितीही चिडका निघाला तरी त्याला जातीतून कोणी बाद केल्याचं ऐकिवात नाही.

शरीर आणि स्वभाव असे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिले, की एक प्रश्न उभा राहतो. एकावरून दुसरं ओळखायचं का? आणि ओळखता येत नसेल, तर समोरच्या पन्नास किलोंशी वागायचं कसं?

हा प्रश्न मला पडला तो लिफ्टमुळे. आमचा मुलगा नोकरीच्या निमित्तानं श्टुटगार्टला असतो. श्टुटगार्ट आणि मुंबई या १९६८ सालापासून अधिकृत भगिनी आहेत. दोन बहिणी दिसायला किती वेगळ्या असू शकतात याचं हे एक उदाहरण. तर आम्ही उभयता नातीला सांभाळायला म्हणून तिथे तीन महिने राहिलो. मुलाचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये एक पत्र्याची पट्टी : ४ माणसं किंवा ३२० किलो. तिसऱ्या मजल्यावर एक आजीबाई राहतात, वय पंचाहत्तरीच्या आसपास, आणि त्यांची बेला. बेला म्हणजे वर्णनपत्रातून कापून काढलेली रॉटवायलर. लिफ्टचं दार उघडावं आणि आत आजीबाई आणि बेला असाव्यात, की बाहेरच्याला एक मोठा नैतिक निर्णय तीन सेकंदांत घ्यावा लागतो. लिफ्टला त्यात काही अडचण नसते. तिच्या दृष्टीनं बेला ४२ किलो, आजीबाई ५४ किलो, मी ७१ किलो. लिफ्ट स्वभाव विचारत नाही.

जर्मन मंडळी 'गूटन टाग' म्हणून बिनदिक्कत आत शिरायची. आम्ही दोघं 'तुम्ही व्हा पुढे' या अर्थाचं हसून जिना गाठायचो. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो असताना ही म्हणाली, "कुत्री चांगली असेलही हो. पण चांगली आहे हे कळायला जवळ जायला पाहिजे, आणि जवळ जाण्याआधी ते कळायला पाहिजे. मग करायचं काय?"

तत्त्वज्ञानाची जी काही जाडजूड पुस्तकं मी आजवर चाळली, त्यांत हा पेच इतक्या कमी शब्दांत आणि इतकी धाप लागलेली असताना कोणी मांडलेला मला आठवत नाही.

मग मी वाचायला लागलो. सेवानिवृत्त माणसाला परदेशात दुसरं करायचं काय असतं? आणि वाचता वाचता लक्षात आलं, की बेलाच्या अंगावर शोभेचं असं काही नाहीच. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातलं जातं जसं जड असतं, कारण जड नसेल तर पीठच पडणार नाही, तसं हे शरीर आहे. श्टुटगार्टच्या दक्षिणेला, आगगाडीनं दीडेक तासावर, नेकार नदीच्या काठी रॉटवाइल नावाचं गाव आहे. रोमन लोकांनी इसवी सन ७३ च्या सुमारास वसवलेलं. रोमन फौजा आपलं मांस पायी चालवत बरोबर न्यायच्या, म्हणजे गुरांच्या कळपाच्या रूपानं. ती गुरं हाकायला कुत्रे लागायचे, आणि बेलाचे पूर्वज ते, असं मानतात. पुढे हे गाव गुरांच्या बाजाराचं झालं. कुत्रा खाटकांच्या पदरी पडला. त्याचं जर्मन नावच मुळी 'खाटकाचा कुत्रा' असं होतं.

आता कामाकडे बघा आणि मग शरीराकडे. पाचशे किलोंच्या बैलाला वळवायचं तर दहा किलोंच्या कुत्र्याचं भुंकणं बैल कानावरही घेणार नाही. बरं, नव्वद किलोंचा कुत्रा ठेवावा, तर तो दिवसभर कळपामागे पळेल कसा? म्हणून हे मधलं वजन. खांद्यानं ढुशी दिली तर बैलाला कळली पाहिजे, आणि संध्याकाळपर्यंत दुडकी चालही टिकली पाहिजे. छाती खोल, वर्णनपत्र म्हणतं, खांद्यापर्यंतच्या उंचीच्या जवळजवळ निम्मी. फुप्फुसांना जागा हवी. पाठ सरळ आणि घट्ट, कारण हा दुडक्या चालीचा गडी, आणि चालताना त्याची पाठ डुलता कामा नये. डोकं रुंद, कारण जबडा मिटवणारे स्नायू तिथेच बसतात. पापण्या डोळ्यांना घट्ट चिकटलेल्या. कळपामागच्या धुळीत लोंबत्या पापण्यांचं काय होईल ते सांगायला नको. वरचे केस आखूड आणि दाट, आत थंडीसाठी मऊ लव. बाजाराला जाताना गुरं हाकायची, एरवी खाटकाची मांसाची गाडी ओढायची. आणि परतीच्या वाटेवर, माल विकून आलेल्या पैशांची थैली खाटीक याच्या गळ्यात बांधायचा, मग निश्चिंतपणे गुत्त्यात शिरायचा, असं सांगतात. ही गोष्ट खरी असो की गुत्त्यातच रचलेली असो, तिच्यात एक हिशेब बरोबर आहे. ज्या तोंडाकडे बघून आज आम्ही जिना धरतो, त्याच तोंडाकडे बघून त्या काळी चोर रस्ता बदलायचे. आणि तेव्हा तो या कुत्र्याचा गुण होता.

मग एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली. गुरं डब्यात उभी राहून बाजाराला जाऊ लागली. कुत्र्याची नोकरी गेली. १९०५ च्या सुमारास खुद्द रॉटवाइल गावात या जातीची एकच मादी उरली होती, असं सांगतात. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतले किती तरी कसबी कामगार सोसायट्यांच्या फाटकांवर वॉचमन म्हणून येऊन बसले. तसं या कुत्र्यालाही एक दुसरं काम मिळालं. १९१० साली जर्मनीत त्याला पोलिसी कुत्रा म्हणून मान्यता मिळाली. १९२१ साली त्याची स्वतःची राष्ट्रीय संघटना निघाली. जात वाचली. म्हणजे गुरं गेली, गाडी गेली, थैली गेली, खाटीकही पुढे सुपरमार्केटात गेला. छाती तेवढी राहिली.

आता ही छाती बेलानं मागितली होती का? माझी गोम तिथे आहे. शे-दोनशे पिढ्या माणसानं बसून, याला याच्याशी लावायचं आणि त्याला काढून टाकायचं असं करत करत हे शरीर घडवलं. स्वतःच्या कामासाठी घडवलं. मग काम काढून घेतलं आणि शरीर तिच्या अंगावर ठेवून दिलं. आणि आता लिफ्टचं दार उघडतं तेव्हा त्या शरीराचा जाब मात्र आपण तिला विचारतो.

मी हे सगळं जेवताना हिला ऐकवलं. चेहऱ्याचा तर मी एक छोटा पुरावाच सादर केला. बेलाच्या डोळ्यांवर जे दोन तपकिरी ठिपके आहेत, त्यांच्यामुळे ती सारखी भुवया चढवून बघते आहे असं वाटतं. पण हेच ठिपके, हाच काळा रंग, हीच तपकिरी छाती डॅशहाउंडलाही असते. तोही जर्मन, तोही कामकरी, बिळात शिरून बिज्जूची शिकार करायला घडवलेला. पुण्यात आमच्या शेजाऱ्यांकडे एक डॅशहाउंड होता. वजन नऊ किलो. त्यानं आपल्या कारकिर्दीत दोन पोस्टमन, एक गॅस सिलिंडरवाला आणि शेजाऱ्यांचे साक्षात व्याही एवढ्यांना दात लावले होते. त्याला सगळे 'लबाड' म्हणायचे. लाडानं! व्याह्यांच्या पोटरीला आयोडीन लावतानासुद्धा शेजारीणबाई म्हणत होत्या, "मेला भारी लबाड आहे." "तेव्हा," मी म्हटलं, "हा शुद्ध पूर्वग्रह आहे."

"पूर्वग्रह नाही, वजन आहे," ही म्हणाली. "तो लबाड चावला की आयोडीन पुरायचं. ही चावली तर पुरेल का? आणि तुम्ही आजीबाईंचं वजन ५४ किलो म्हणालात ना? दोरी कोणाच्या हातात आहे हे मी नाही बघत. दोरी ताणली गेली तर कोण कोणाच्या मागून जाईल, ते बघते."

याला उत्तर नव्हतं आणि नाही. मोठ्या कुत्र्यांच्या चाव्यांनी माणसं मेलेली आहेत, मुलं मेलेली आहेत, आणि त्यांच्या आईबापांपुढे उभं राहून कोणी पूर्वग्रहावर व्याख्यान देऊ नये. शरीर नुसतं दिसणं नसतं. त्यात ताकद असते, आणि ताकदीला एका वाईट क्षणाची गरज असते. लहान शरीराला असे शंभर क्षण माफ होतात.

इथे मला माझ्या मामेभावाबद्दल सांगितलं पाहिजे. हा सांगलीकडचा. आजोबांची तालीम होती, तो बांधा दोन पिढ्या घरात टिकला. उंची सहा फूट दोन इंच, वजन ११० किलो, मान जवळपास नाहीच. यानं आयुष्यात कुस्ती केली नाही. एका सरकारी कचेरीत टेबलामागे बसून त्यानं तेहतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. इंजेक्शनची सुई बघितली की तो डोळे फिरवतो. एकदा लस टोचून घेताना पडला, तर त्याला उचलायला चार माणसं लागली आणि पाचवा कंबर धरून घरी गेला. एसटीत याच्या शेजारची जागा सगळ्यांत शेवटी भरते. लग्नाच्या फोटोत हा मागच्या रांगेत गुडघ्यात वाकून उभा असतो, तरी फोटोत पहिला तोच दिसतो.

एकदा कचेरीत भांडण झालं. समोरचा कारकून याच्या निम्म्यानं. त्यानं आरडाओरडा केला, रजिस्टर आपटलं, वर पेपरवेट भिरकावला. माझा भाऊ उभा राहिला. उभा राहिला, एवढंच. दुसऱ्या दिवशी मेमो कोणाला मिळाला असेल? 'आपण उभे राहून दहशतीचे वातावरण निर्माण केले' असं त्यात लेखी होतं. पेपरवेटवाल्याला साहेबांनी बोलावून सांगितलं, तुम्ही फार हळवे आहात बुवा.

मला वाटलं, हा चिडेल. हा नुसता हसला. "मला रागवायची सोयच नाही रे," म्हणाला. "त्याचा राग हा त्याचा स्वभाव. माझा राग हा गुन्हा." तेव्हापासून मी त्याच्याकडे नीट बघू लागलो. तो बोलतो हळू. कोणाच्या घरी गेला की दारातच आधी बसायची जागा शोधतो, म्हणजे उभं राहायला नको. हात मांडीवर ठेवतो, दिसतील असे. रात्री रस्त्यानं एकटी बाई पुढे चालली असेल तर हा रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जातो. मी एकदा त्याला म्हटलं, "तू कशाला? तुझ्या मनात काही असतं का?" तो म्हणाला, "माझ्या मनातलं तिला कसं दिसणार? तिला पाठीमागे माझी पावलं तेवढी ऐकू येतात. तिचं बरोबरच आहे."

"मग चूक कोणाची?"

"चूक कोणाचीच नाही. वजन माझं आहे."

मला हे उत्तर आजही पूर्ण पटलेलं नाही. पण ते खोडून काढायला लागलो की मी अडतो. ज्यात दोष नाही त्याचंही ओझं वाहावं लागावं, हा अन्याय आहे असं मी म्हणतो. तो म्हणतो, असेल. पण ते मी वाहिलं नाही तर ते त्या बाईच्या डोक्यावर जाईल, आणि ती तर माझ्याहून लहान आहे.

सरकारं या प्रश्नाकडे अर्थातच सरकारी पद्धतीनं बघतात. जर्मनीत प्रत्येक राज्याची धोकादायक कुत्र्यांबद्दलची नियमावली वेगळी. रॉटवाइल आणि श्टुटगार्ट ज्या राज्यात आहेत, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या यादीत रॉटवायलर नाही. शेजारच्या बव्हेरियाच्या यादीत २००२ सालापासून आहे. तिथे तो संशयित धरला जातो, आणि तज्ज्ञाकडून तपासून घेऊन 'हा विशिष्ट कुत्रा आक्रमक नाही' असा दाखला मिळवला की संशय फिटतो. म्हणजे आपल्या पासपोर्टाच्या वेळी पोलीस चौकीत मिळतो तो चारित्र्याचा दाखला. उल्म नावाचं एक शहर आहे, त्याच्या मधून डॅन्यूब नदी वाहते. अलीकडचं उल्म बाडेन-व्युर्टेम्बर्गात, पलीकडचं नवं उल्म बव्हेरियात. बेला उल्ममध्ये राहिली तर सज्जन. पूल ओलांडून पलीकडे बिऱ्हाड केलं, की तिनं आपली सज्जनता सिद्ध करायची. मधे काय बदललं? पूल ओलांडताना बेलानं कदाचित नदीकडे बघून एकदा जांभई दिली असेल.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानं १२ मार्च २०२४ ला राज्यांना परिपत्रक धाडलं : २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास थांबवा. रॉटवायलर त्यात होताच. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. दरम्यानच्या चार आठवड्यांत आमच्या पुण्याच्या सोसायटीत दोन सभा झाल्या. सोसायटीत रॉटवायलर एकही नाही.

शास्त्रज्ञांचं म्हणणं पुन्हा निराळं. २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोनेक हजार कुत्र्यांची जनुकं तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. मी हा आकडा विजयी मुद्रेनं हिच्यापुढे ठेवला. ही म्हणाली, "स्वभाव ९ टक्के. आणि वजन?" वजन जवळपास सगळंच जातीवरून सांगता येतं. मी कागद घडी करून ठेवला.

फेब्रुवारीत मुलानं आम्हाला रॉटवाइलला नेलं. कुत्रा बघायला नव्हे, तिथला उत्सव बघायला. ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ सुरू होण्याआधी तिथे सोंगांचा उत्सव असतो. सोमवारी सकाळी आठला गावच्या काळ्या वेशीतून सोंगांची मिरवणूक उड्या मारत खाली येते. चेहऱ्यांवर लाकडात कोरलेले मुखवटे, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. त्यात एक सोंग असतं, अंगभर पिसं, तोंडाला रानडुकराचे सुळे, हातात लांब काठी. काठीवर भार देऊन ते अंगावर झेप घेतल्यासारखं करतं. आमच्या नातीनं आधी आईच्या कोटात तोंड लपवलं. शेजारची जर्मन मुलं मात्र खिदळत होती. त्यांना ठाऊक होतं, की सुळ्यांच्या आत कोपऱ्यावरचा पाववाला किंवा शाळेतले मास्तर असणार, आणि बुधवारी ते मुखवटा उतरवून दुकानात नाहीतर वर्गात येणार. त्याच गावचं नाव घेऊन बेला हिंडते. तिचा बुधवार काही येत नाही. रॉटवायलर साधारण नऊ-दहा वर्षं जगतो. सगळी त्याच चेहऱ्यात.

गावाबाहेर हल्ली २४६ मीटर उंचीचा एक मनोरा उभा आहे, २०१७ साली पुरा झालेला. त्यात नव्या लिफ्टांची चाचणी घेतात. लिफ्ट वरखाली किती वजन सुखरूप नेते, ते तिथे तपासून ठरतं. मला त्या गावाचं कौतुक वाटलं. माझ्या दोन्ही अडचणींचा उगम एकाच ठिकाणी सापडला.

परत आल्यावर चारेक दिवसांनी एक लहानशी गोष्ट घडली. नात कडेवर झोपलेली, दुसऱ्या हातात दुधाच्या बाटल्या, आणि लिफ्टमध्ये आजीबाई आणि बेला. ही जिन्याकडे वळणार, तोच आजीबाई हलक्या आवाजात काहीतरी एक शब्द बोलल्या. बेला उठली, वळली आणि लिफ्टच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसली. शाळेत मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखी. ही आत गेली. नंतर मुलानं विचारून घेतलं, तेव्हा कळलं की आजीबाईंनी तिला हे अगदी लहानपणी शिकवलं आहे. कोणी परकं आलं आणि बुजलं, की कोपरा.

"तोंड दिसत नव्हतं," ही वर आल्यावर सांगत होती, "पण शेपटी दिसत होती. भिंतीवर आपली ठक ठक, ठक ठक. मी 'गूटन टाग' म्हटलं तर आणखी जोरात." आता ही शेपटी बेलाला आहे, कारण ती नशीबवान काळात जन्मली. या जातीची शेपटी पिलू काही दिवसांचं असतानाच छाटायची चाल होती. जर्मनीत १९९८ पासून ती कायद्यानं बंद झाली, वर्णनपत्रही बदललं. त्याआधीच्या सगळ्या चित्रांत, फोटोंत रॉटवायलर मागून बुडखा. आपल्याकडे अजूनही तसे दिसतात. हे मला फार लागलं. छाती, जबडा, भुवया, समोरच्याला धाक वाटेल असं जे जे काही होतं, ते सगळं माणसानं घोटून घोटून पक्कं केलं. आणि 'मी खुशीत आहे, भिऊ नका' हे लांबून सांगणारा एकच अवयव त्याच्याकडे होता, तो नेमका कापला. मग म्हणायचं, याच्या मनात काय चाललंय कळत नाही!

ही आता लिफ्टनं जायला लागली. जवळ जाण्याआधी कळलं पाहिजे ही तिची अट शेपटीनं पुरी केली होती. दोरीच्या बाजूचा हिशेब मात्र तिनं अजून सोडलेला नाही. नात बरोबर असली की ती बेला आणि नात यांच्यामध्ये स्वतः उभी राहते, आणि आजीबाईंना त्यात काही वावगं वाटत नाही. उलट त्या दोरी एक वेढा आखूड धरतात.

मी मात्र त्या कोपऱ्याकडे बघून अस्वस्थ व्हायचो. काही न करता शिक्षा भोगत बसल्यासारखी ती पाठ. एका रविवारी मामेभावाला फोन लावला आणि बेलाची सगळी हकीकत सांगितली. छाती, डोकं, डोळ्यांवरचे ठिपके, खाटीक, थैली, आणि तो कोपरा. मला वाटलं, कोपऱ्याबद्दल तो काहीतरी बोलेल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "तिला दरवर्षी इंजेक्शन द्यावं लागत असेल ना?"

"लागतं की."

"मग त्या वेळी धरतं कोण तिला? चार माणसं लागत असतील."

"नाही," मी म्हणालो. "आजीबाई एकट्याच. डोकं मांडीवर घेऊन बसतात म्हणे."

"मग बरंय," तो म्हणाला.